शाळेच्या लॅबमध्ये लॉगिन रेंगाळतंय? फॉरमॅट मारण्याआधी या क्रमाने तपासा

तासिका पस्तीस मिनिटांची, आणि त्यातली पहिली आठ-दहा मिनिटं मुलं ‘वेलकम’च्या गोल चकरीकडे बघत बसतात. नाशिकच्या शाळांमधल्या संगणक शिक्षकांकडून ही तक्रार वारंवार ऐकायला मिळते. तिच्यावरचे उपायही ठरलेले: व्हेंडरला बोलवा, रॅम वाढवा, नाहीतर सगळी मशिन्स फॉरमॅट मारा. फॉरमॅटनंतर पंधरा दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच, कारण वेळ नेमका कुठे जातोय हे कोणी मोजलेलंच नसतं.

ज्या शाळेत एक विंडोज सर्व्हर आहे, लॅबमधले वीस-चाळीस पीसी त्याच्या डोमेनला (खाती आणि नियम एकाच सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या गटाला) जोडलेले आहेत आणि नेटवर्क सांभाळायला वेगळा माणूस नाही, संगणकाचे सर किंवा मॅडमच सगळं बघतात, अशा शाळेसाठी हा लेख आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) चुकलेलं असताना प्रोफाइल (खात्याच्या फाइल्स आणि सेटिंग्ज) लहान करत बसलात तर मेहनत वाया जाईल.

आज्ञा आणि मेनूंची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा.

## आधी तयारी

शनिवारी सकाळचं सत्र सुटल्यावरची वेळ धरा. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात किंवा बोर्डाचे फॉर्म भरायची मुदत चालू असताना सर्व्हरला हात लावू नका. काही अडकलं तर क्लार्क भाऊसाहेब सगळ्यात आधी तुम्हालाच शोधत येतील.

हाताशी एवढं हवं:

सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. पुष्कळदा तो जुन्या व्हेंडरकडेच राहिलेला असतो. तो मुख्याध्यापकांमार्फत लेखी मागून घ्या, बाकीचं काम त्यानंतर.

एक चाचणी पीसी आणि विद्यार्थ्यांच्याच गटातलं एक चाचणी खातं. अ‍ॅडमिन खात्याने लॉगिन करून वेळ मोजण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यांच्या पॉलिसी (सर्व्हरवरून लागणारे नियम) त्या खात्याला लागत नसल्यामुळे ते झटपटच उघडतं, आणि मग ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय’ असा गैरसमज होतो.

सगळ्या ग्रुप पॉलिसींचा बॅकअप. ‘ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट’मध्ये ‘ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट्स’वर राइट क्लिक करून ‘बॅक अप ऑल’ निवडा. या बॅकअपमध्ये कोणती पॉलिसी कोणत्या ओयूला (डोमेनमधल्या पीसी-खात्यांच्या कप्प्याला) जोडली आहे याची नोंद येत नाही, म्हणून डाव्या बाजूच्या पूर्ण झाडाचा स्क्रीनशॉटही घेऊन ठेवा.

चाचणी पीसी आणि चाचणी खात्यासाठी एक वेगळं ओयू. बदल आधी तिथे करायचा, पटला तर लॅबवर लावायचा.

आणि एक वही. कोणता बदल केला, आधी किती सेकंद लागत होते, नंतर किती लागले, एवढंच तिच्यात लिहायचं.

सावधान: एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि लॉगिन सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळत नाही. बिघडलं तर तिन्ही बदल उलटे फिरवत बसावं लागतं.

## टप्पा १: वेळ चार तुकड्यांत मोजा

‘लॉगिनला पाच मिनिटं लागतात’ एवढ्या माहितीवर काही करता येत नाही. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि चार वेळा वेगवेगळ्या लिहा.

1. पीसी सुरू केल्यापासून लॉगिन स्क्रीन येईपर्यंत.
2. पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत.
3. डेस्कटॉप दिसल्यापासून वर्ड किंवा ब्राउझर प्रत्यक्ष उघडेपर्यंत.
4. डेस्कटॉप दिसल्यापासून नेटवर्क ड्राइव्ह आणि प्रिंटर दिसेपर्यंत.

पहिला तुकडा लांबला तर डिस्क, नेटवर्कची वाट पाहणं किंवा संगणकाला लागणाऱ्या पॉलिसी बघायच्या. दुसरा लांबला तर वापरकर्त्याच्या पॉलिसी, प्रोफाइल आणि स्क्रिप्ट. तिसरा लांबला तर गोष्ट बहुतेक मशीनचीच असते: हार्ड डिस्क, अँटिव्हायरस, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम. चौथ्याची कारणं वेगळी आहेत, ती टप्पा ७ मध्ये येतील.

मोजणीआधी चाचणी ओयूवर एक पॉलिसी चालू करा. ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘सिस्टीम’ या रस्त्याने गेलात की ‘डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस’ सापडेल. ही चालू केली की चकरीखाली नुसतं ‘प्लीज वेट’ न येता ‘ड्राइव्ह मॅप्स पॉलिसी लागू होत आहे’ अशा अर्थाच्या ओळी दिसतात. जी ओळ सगळ्यात जास्त वेळ थांबते तिचा फोटो काढा. निम्मा तपास तिथेच होतो.

तपासा: मोजणी ‘रीस्टार्ट’ करून करा, ‘शट डाउन’ करून नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउननंतरची सुरुवात ही पूर्ण सुरुवात नसते. त्यामुळे संगणकाच्या सुरुवातीला लागणाऱ्या पॉलिसी आणि स्क्रिप्ट राहून जातात. ‘पॉलिसी बदलली पण फरक पडत नाही’ असं वाटण्यामागे बऱ्याच वेळा हेच असतं. लॅबच्या पीसींवर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावं असं माझं मत आहे.

## टप्पा २: तीन लॉगिन आणि एक गर्दी

त्याच चाचणी पीसीवर तीन प्रकारे लॉगिन करा.

1. पीसीवरच्या लोकल खात्याने.
2. डोमेनच्या चाचणी खात्याने, नेटवर्क केबल लावून. या खात्याने त्या पीसीवर आधी एकदा लॉगिन केलेलं असावं.
3. त्याच खात्याने, केबल काढून. शेवटच्या १० वापरकर्त्यांची ओळख विंडोज स्वतःकडे जपून ठेवतं, त्यामुळे सर्व्हर नसतानाही लॉगिन होतं. ड्राइव्ह सापडत नाही अशा तक्रारी आल्या तर येऊ द्या.

लोकल खातंही रखडलं तर नेटवर्कला दोष देऊ नका, थेट टप्पा ९ ला जा. लोकल झटपट, केबल काढूनही झटपट, फक्त केबल लावल्यावर रखडतंय, तर डीएनएस, स्विच, पॉलिसी किंवा प्रोफाइल यांपैकी काहीतरी आहे. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत.

आता चौथी चाचणी: पूर्ण वर्गाला एकदम लॉगिन करायला लावा आणि वेळ मोजा. एकट्या पीसीवर वीस सेकंद आणि पूर्ण वर्ग बसला की चार मिनिटं असं असेल, तर दोष गर्दीचा आहे. मग टप्पा ४ आणि ८ जास्त लक्ष देऊन वाचा.

## टप्पा ३: सकाळचा क्रम आणि डीएनएस

शाळांमधल्या रखडलेल्या लॉगिनचं सगळ्यात मोठं कारण कोणतं असं विचारलंत, तर मी डोळे मिटून डीएनएस म्हणेन. पण त्याच्याही आधी एक साधी गोष्ट. संध्याकाळी शिपाई मामा लॅबचा मेन स्विच पाडतात आणि सकाळी वर करतात. सर्व्हर, स्विच, पीसी सगळे एकदम उठतात. सर्व्हरला डोमेनची सेवा सुरू करायला काही मिनिटं लागतात, पीसी मात्र त्याच्या आधीच लॉगिन स्क्रीनवर येऊन बसलेले असतात आणि सर्व्हरला हाका मारत राहतात. सकाळच्या पहिल्या बॅचचीच तक्रार असेल आणि दुपारच्या सत्राची नसेल, तर आधी हाच क्रम बदलून बघा. प्रथम स्विच आणि सर्व्हर सुरू करा, सर्व्हरवर लॉगिन होतंय याची खात्री करा, पीसी त्यानंतर. सर्व्हरला वेगळं कनेक्शन आणि यूपीएस देऊन तो रात्रभर चालू ठेवता आला तर उत्तमच.

सर्व्हर रात्री बंद ठेवण्याचा आणखी एक फटका बसतो. बॅकअप किंवा अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन रात्री एकचं लावलेलं असतं. ती वेळ चुकली की काही कामं सर्व्हर सुरू झाल्या झाल्या धावतात, म्हणजे बरोबर सकाळी सातला, पहिल्या तासिकेच्या तोंडावर. ‘टास्क शेड्युलर’मध्ये त्या कामाच्या सेटिंग्जमध्ये चुकलेलं काम शक्य तितक्या लवकर चालवण्याची खूण आहे का ते बघा. असेल तर काढा आणि वेळ दोन सत्रांच्या मधली द्या.

आता डीएनएस. पीसी डोमेन सर्व्हरला शोधतो तो डीएनएसमधल्या खास नोंदींवरून. या नोंदी शाळेच्या सर्व्हरवरच्या डीएनएसमध्येच असतात. ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) किंवा इंटरनेट पुरवठादाराच्या डीएनएसला तुमच्या शाळेचं डोमेन माहीत असणं शक्य नाही.

1. चाचणी पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा.
2. ‘डीएनएस सर्व्हर्स’समोर फक्त शाळेच्या डोमेन सर्व्हरचा आयपी हवा. दोन डोमेन कंट्रोलर (म्हणजे डोमेन सर्व्हर) असतील तर दोघांचे.
3. ‘डीएचसीपी सर्व्हर’ (पीसींना आयपी वाटणारा) यासमोर कोणाचा आयपी आहे ते वाचा. तिथे अनोळखी आयपी दिसला, तर कोणीतरी स्टाफरूममध्ये वाय-फाय राउटर आणून लॅन पोर्टला जोडलेला आहे आणि तो परस्पर आयपी वाटतोय. तो शोधा, त्याचं डीएचसीपी बंद करा.
4. ‘एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:’ आणि त्याला लागूनच डोमेनचं नाव अशी आज्ञा द्या. सर्व्हरचं नाव चटकन यायला हवं. इथेच अडखळलं तर पुढे जाऊ नका.

नेहमीची चूक: ‘इंटरनेट बंद पडू नये म्हणून’ पीसीवर दुसरा डीएनएस ८.८.८.८ देणे. दुसरा डीएनएस म्हणजे राखीव खेळाडू असा समज आहे, पण पहिल्याने एकदा उत्तर द्यायला उशीर केला की पीसी दुसऱ्याकडे वळतो आणि पुढे काही काळ त्यालाच विचारत राहतो. तिकडून ‘असं नाव नाही’ असं उत्तर येतं. म्हणूनच काही मशिन्सवर कधी कधीच होणारी रखडपट्टी दिसते, जी सगळ्यात जास्त डोकं खाते. ८.८.८.८ ची जागा सर्व्हरच्या डीएनएसमध्ये ‘फॉरवर्डर्स’ या टॅबवर आहे. पीसीने सर्व्हरला विचारायचं, सर्व्हरने बाहेर विचारायचं.

## टप्पा ४: केबल आणि स्विच

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये लॅब उघडली की केबल आधी डोळ्यांनी बघा. उंदरांनी कुरतडलेली, बाकाच्या पायाखाली चिरडलेली, ओलीने पिना हिरव्या पडलेली केबल जोडलेली दिसते पण धड चालत नाही. पीसीवर नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या ‘स्टेटस’मध्ये वेग वाचा. गिगाबिट कार्ड आणि गिगाबिट स्विच असताना १०० एमबीपीएस दिसत असेल, तर आठांपैकी एखादी तार तुटलेली किंवा कनेक्टर नीट न ठोकलेला असण्याची शक्यता दाट. १० एमबीपीएस दिसलं तर केबल बदलूनच बघा.

गर्दीचं गणितही करून ठेवा. समजा प्रत्येक मुलाचं २०० एमबीचं प्रोफाइल सर्व्हरवरून खाली उतरतं आणि तीस मुलं एकदम बसली. एकूण झाले ६,००० एमबी. सर्व्हरपर्यंतची मधली एक केबल १०० एमबीपीएसची असेल तर ती सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी नेते, म्हणजे जवळजवळ नऊ मिनिटं. तीच गिगाबिट असेल तर मिनिटभर. प्रत्येक पीसीची केबल कितीही चांगली असो, नाशिकच्या द्वारका चौकात सगळे रस्ते एकत्र आले की जे होतं तेच त्या मधल्या केबलवर होतं. म्हणून पीसीच्या आधी सर्व्हर ते स्विच आणि स्विच ते स्विच या जोडण्या तपासा. जुन्या इमारतीत सर्व्हर आणि नव्या इमारतीत लॅब असेल तर मध्ये कोणी जुना १०० एमबीपीएसचा छोटा स्विच लावून ठेवलाय का हे हमखास बघा. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच धरा. मैदान ओलांडून जायचं असेल तर फायबरच टाका, वळवाच्या विजांच्या दृष्टीनेही ते बरं.

मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग्ज बदलता येतात तो) असेल तर आणखी एक तपासणी. केबल लावल्यावर पोर्टचा दिवा अर्धा मिनिट नारिंगी राहून मग हिरवा होतो का? तो पोर्ट तेवढा वेळ ‘स्पॅनिंग ट्री’चं (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणाऱ्या पद्धतीचं) निरीक्षण करत असतो आणि पीसीचं काहीच पुढे जाऊ देत नाही. जुन्या पद्धतीत हा वेळ सुमारे ३० सेकंदांचा असतो. एसएसडीवरचा (न फिरणारी, वेगवान डिस्क असलेला) पीसी त्याच्या आत लॉगिन स्क्रीनवर येतो आणि सर्व्हर सापडत नाही म्हणून रखडतो. स्विचच्या सेटिंगमध्ये पीसीच्या पोर्टना ‘एज पोर्ट’ किंवा ‘पोर्टफास्ट’ करा.

सावधान: एका स्विचमधून दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला हे सेटिंग कधीही देऊ नका. चुकून लूप झाला (केबल फिरून त्याच नेटवर्कमध्ये परत आली) तर शाळेचं पूर्ण नेटवर्क आडवं होईल.

## टप्पा ५: घड्याळ

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे, पण गाळू नका. डोमेनची ओळख पटवणारी ‘कर्बेरॉस’ पद्धत पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळांत ठरावीक मर्यादेत, डिफॉल्टनुसार ५ मिनिटांपर्यंत, फरक चालवून घेते. जुन्या पीसीची मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की रोज सकाळी तारीख मागे जाते. अशी मशिन्स वहीत वेगळी लिहा आणि बॅटरी बदला. टाइम झोन यूटीसी +५:३० आहे ना, तेही बघा. कोणीतरी झोन चुकीचा ठेवून काटे हाताने जुळवलेले असतात. सर्व्हरवर ‘डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स’ चालवल्यावर ‘लोकल सीएमओएस क्लॉक’ आलं, तर सर्व्हर बाहेरच्या घड्याळाशी जुळवून घेत नाहीये. तो चुकला की सगळी लॅब त्याच्या मागे चुकते.

## टप्पा ६: लॉग वाचा, अंदाज बांधू नका

इथपर्यंत सगळं ठीक असूनही दुसरा तुकडा लांबतोय? मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. रस्ता असा: ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘ग्रुप पॉलिसी’, ‘ऑपरेशनल’. लॉगिन झाल्या झाल्या बघितलंत तर शोधणं सोपं जातं.

या नोंदी शोधा:

- ८००१: वापरकर्त्याच्या पॉलिसींना एकूण किती सेकंद लागले.
- ५३२६: डोमेन कंट्रोलर सापडायला किती मिलिसेकंद लागले.
- ५०१६: पॉलिसीच्या एकेका भागाला किती मिलिसेकंद लागले.

नमुना म्हणून समजा, मशीन क्रमांक १४ वर ८००१ म्हणतंय ९० सेकंद. ५३२६ मध्ये ३०० मिलिसेकंद आहेत, म्हणजे सर्व्हर लगेच सापडला, डीएनएस निर्दोष. मग ५०१६ च्या ओळी एकेक करून उघडायच्या. रजिस्ट्री ४००, फोल्डर रिडायरेक्शन २,१००, ड्राइव्ह मॅप्स १,९००, प्रिंटर्स ८४,०००. दीड मिनिटातली चौऱ्याऐंशी सेकंदं एका प्रिंटरने खाल्ली. या मशीनला रॅम वाढवून काय होणार होतं?

याशिवाय ‘सिस्टीम’ लॉगमध्ये ‘नेटलॉगॉन’ची ५७१९ किंवा ग्रुप पॉलिसीची ११२९ दिसली तर पीसीला सुरुवातीला सर्व्हर सापडलेला नाही. पुन्हा टप्पा ३ आणि ४. ‘अ‍ॅप्लिकेशन’ लॉगमध्ये ‘विनलॉगॉन’ची ६००५ आणि ६००६ ही जोडी दिसली तर तिच्यात कोणत्या घटकाने किती वेळ अडवलं हे नावानिशी लिहिलेलं असतं.

सावधान: ‘सिस्टीम’ लॉगमध्येही ६००५ आणि ६००६ असतात, पण त्यांचा अर्थ इव्हेंट लॉगची सेवा सुरू झाली किंवा थांबली एवढाच. क्रमांकासोबत ‘सोर्स’चा रकानाही वाचा.

## टप्पा ७: पॉलिसी, प्रिंटर आणि स्क्रिप्ट

आधी ‘जीपीरिझल्ट /एच’ आणि पुढे फाइलचं नाव देऊन अहवाल काढा. पाच वर्षांपूर्वीच्या सरांनी केलेल्या, आता कोणालाच आठवत नसलेल्या पॉलिसी त्यात सापडतील. त्या डिलीट करू नका, फक्त लिंक ‘डिसेबल’ करा आणि आठवडाभर थांबा.

प्रिंटर आणि ड्राइव्ह ग्रुप पॉलिसीच्या ‘प्रेफरन्सेस’मधून दिलेले असतील तर त्यांची ‘अ‍ॅक्शन’ बघा. ‘रिप्लेस’ असेल तर प्रत्येक लॉगिनला जुनं काढून नव्याने जोडलं जातं. तिथे ‘अपडेट’ करा. ऑगस्ट २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर सामान्य वापरकर्त्याला प्रिंटरचा ड्रायव्हर डिफॉल्टने बसवता येत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या लॉगिनला प्रिंटर अडून बसतो. ड्रायव्हर प्रत्येक पीसीवर अ‍ॅडमिन खात्याने आधीच बसवून ठेवा. मुळात तिसरीच्या मुलाला लॉगिनबरोबर प्रिंटर हवाच कशाला? तो फक्त शिक्षकांच्या गटाला द्या.

बंद पडलेल्या जुन्या सर्व्हरचं नाव कुठे उरलंय का तेही शोधा. ड्राइव्हमध्ये, प्रिंटरमध्ये, वॉलपेपरच्या पाथमध्येसुद्धा. नसलेल्या सर्व्हरला विंडोज इमानदारीने शोधत बसतं आणि तेवढी सेकंदं जातात.

‘डब्ल्यूएमआय फिल्टर’ (पॉलिसी कोणत्या पीसीला लागावी हे ठरवणाऱ्या अटी) असतील तर त्यात ‘विन३२_प्रॉडक्ट’ हा शब्द आहे का बघा. फिल्टरच्या या विचारणेमुळे पीसीवरच्या प्रत्येक एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरने बसवलेल्या) प्रोग्रामची तपासणी सुरू होते. असा फिल्टर काढून टाका.

स्क्रिप्टबद्दल दोन गोष्टी. लॉगिन स्क्रिप्टमध्ये ‘जीपीअपडेट /फोर्स’ लिहिलेलं असेल तर ती ओळ लगेच खोडा. पॉलिसी लागू होत असतानाच त्या पुन्हा लागू करायला सांगण्यासारखं आहे ते. आणि डेस्कटॉप आल्यावर ड्राइव्ह बरोबर पाच मिनिटांनी उगवत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. विंडोज ८.१ पासून लॉगिन स्क्रिप्ट मुद्दामच ५ मिनिटं उशिरा चालवली जाते. संगणकाच्या पॉलिसीत ‘सिस्टीम’, ‘ग्रुप पॉलिसी’ इथे ‘कॉन्फिगर लॉगॉन स्क्रिप्ट डिले’ आहे, ते ‘डिसेबल्ड’ करा. ‘नॉट कॉन्फिगर्ड’ ठेवलंत तर पाच मिनिटं तशीच राहतील.

नेहमीची चूक: कुठेतरी वाचून ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क’ ही पॉलिसी सगळीकडे चालू करणे. ती चालू असली की पॉलिसी पूर्ण लागल्याशिवाय डेस्कटॉप मिळत नाही. पॉलिसीतून सॉफ्टवेअर बसवायचं असेल तेव्हा ती कामाची, पण गरज नसताना चालू असेल तर चाचणी ओयूवर बंद करून फरक मोजा.

## टप्पा ८: प्रोफाइल

रोमिंग प्रोफाइल म्हणजे मुलाचा डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स असं सगळं सर्व्हरवर, आणि लॉगिनच्या वेळी ते पीसीवर उतरतं. गॅदरिंगच्या नाचाचा व्हिडिओ एका मुलाने डेस्कटॉपवर टाकला की पुढे त्याचं प्रत्येक लॉगिन तो व्हिडिओ ओढत चालतं. शाळेच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांना रोमिंग प्रोफाइल देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपला ‘फोल्डर रिडायरेक्शन’ द्या. फाइल्स सर्व्हरवरच राहतात, उघडली तेवढीच फाइल येते.

बदल करताना क्रम असा ठेवा:

1. सर्व्हरवरच्या प्रोफाइल फोल्डरचा बॅकअप घ्या.
2. एका चाचणी खात्याला रिडायरेक्शन लावा, लॉगिन करा, फाइल्स सर्व्हरवर गेल्याची खात्री करा.
3. मग त्याच खात्याच्या प्रॉपर्टीजमधून रोमिंगचा पाथ काढा.
4. एकेक इयत्ता करत पुढे जा. पहिल्या लॉगिनला फाइल्स हलतात, म्हणून ते जास्त वेळ घेईल. वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवा.

तपासा: रिडायरेक्ट केलेले फोल्डर विंडोज आपोआप ‘ऑफलाइन’ ठेवायला बघतं आणि लॉगिन-लॉगऑफला त्यांची जुळवाजुळव करत बसतं. लॅबच्या जाग्यावर बसलेल्या पीसींना याची गरज नाही. ‘ऑफलाइन फाइल्स’ पॉलिसीने बंद करा.

पूर्ण वर्गाला एकच ‘स्टुडंट’ खातं आणि त्याला रोमिंग प्रोफाइल असेल तर आजच बंद करा. तीस पीसी एकाच फोल्डरवर लिहीत असतात, शेवटी लॉगऑफ करणाऱ्याचं टिकतं. एकच खातं ठेवायचं असेल तर ‘मँडेटरी’ प्रोफाइल करा, म्हणजे मुलांनी केलेले बदल लॉगऑफला पुसले जातात.

आता जे फारसं कोणी लक्षात घेत नाही ते. एखाद्या पीसीवर एखाद्या खात्याचं पहिलं लॉगिन नेहमीच हळू असतं, कारण विंडोज नवं प्रोफाइल घडवतं आणि स्टोअरची अ‍ॅप्स त्या खात्यासाठी नोंदवतं. मुलं दर तासिकेला मिळेल त्या मशीनवर बसली तर कितीतरी लॉगिन ‘पहिलंच’ ठरतं. यावरचा उपाय फुकट आहे: हजेरी क्रमांक तोच मशीन क्रमांक. फळ्याशेजारी यादी चिकटवा. ‘शो फर्स्ट साइन-इन अ‍ॅनिमेशन’ ही पॉलिसीही बंद करा, थोडा वेळ वाचतो. रीस्टार्टनंतर पीसी पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर लॅबमध्ये असेल तर प्रोफाइल दर वेळी पुसलं जातं आणि जागा ठरवून उपयोग होत नाही. मग एक तर ते सॉफ्टवेअर निवडा, नाहीतर जलद लॉगिन.

जुनी प्रोफाइल साचून सी ड्राइव्ह भरला असेल तर ‘सिस्टीम प्रॉपर्टीज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘युजर प्रोफाइल्स’ इथून काढा. ठरावीक दिवसांनंतर जुनी प्रोफाइल रीस्टार्टला काढणारी पॉलिसीही आहे. शैक्षणिक वर्ष संपल्यावर ती लावायला हरकत नाही, पण खरंच निघतायत का ते बघा.

सावधान: ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये जाऊन मुलांच्या नावाचे फोल्डर हाताने डिलीट करू नका. रजिस्ट्रीतली नोंद मागे राहते आणि पुढच्या लॉगिनला ते मूल तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये जातं. त्यात केलेलं काम लॉगऑफला उडतं.

## टप्पा ९: आता मशीनकडे बघा

लोकल खातंही हळू, किंवा डेस्कटॉप येऊन वर्ड उघडत नाही, असं असेल तर ‘टास्क मॅनेजर’ उघडा. डिस्क मिनिटभर १०० टक्क्यांवर अडकलेली असेल आणि पीसीत फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर खर्च एसएसडीवर करा. बहुतेक जुन्या डेस्कटॉपमध्ये साटा एसएसडी बसते. मेमरी भरलेली दिसत असेल तरच रॅम. दोन अँटिव्हायरस एकत्र चालत असतील तर एक काढा. ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मधले चॅटचे आणि प्रिंटर कंपनीचे प्रोग्राम बंद करा.

पैसे मागायला मुख्याध्यापकांकडे जाताना एकाच पीसीला एसएसडी लावून आधीचे आणि नंतरचे आकडे वहीत न्या. आणि अर्जात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्याचं नमूद करा. जे पीसी विंडोज ११ घेऊच शकत नाहीत त्यांच्यावर किती खर्च करायचा, हा निर्णय त्याच बैठकीत व्हायला हवा.

## लॅबवर लावताना

चाचणी ओयूवर टिकलेला बदल आधी एका रांगेतल्या पाच-सहा पीसींना द्या. दोन्ही सत्रं एक दिवस चालू द्या, मग उरलेल्यांना. प्रत्येक वेळी ‘जीपीअपडेट’ एकदा चालवून पीसी रीस्टार्ट करा आणि पूर्ण वर्ग बसलेला असतानाच टप्पा १ ची मोजणी पुन्हा घ्या. रिकाम्या लॅबमधला आकडा तुलनेला धरू नका. एखादंच मशीन मागे राहिलं तर त्याची केबल शेजारच्या चांगल्या मशीनच्या केबलशी अदलाबदल करा. दोष केबलबरोबर सरकला तर केबल किंवा पोर्ट, तिथेच राहिला तर मशीन. सर्व्हरचा आयपी, डीएनएस, फॉरवर्डर आणि कोणत्या पोर्टला काय जोडलंय ही यादी छापून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नका, तो मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्या.